वळण क्रमांक चार

कामेन्झच्या जुन्या मालधक्क्यात, गुरुवारी संध्याकाळी
एका लॅपटॉपभोवती आम्ही सातजण.
हीटर तापायला अजून अर्धा तास.
मी खजिनदार, म्हणून पहिला प्रश्न माझा:
पैसे किती?

यानिकने तीन आणलीत, चाचणीपुरती, फुकट.
पहिल्यात झाडंसुद्धा उगवतात,
माऊस ओढला की डोंगर वर येतो,
त्याची सावली पडते गावावर.
एकेहार्ट हरखला. वीस मिनिटं
नुसती सुरूची झाडं लावत बसला,
रूळ एकही नाही.
दुसरं पन्नास तुकड्यांनंतर अडून बसतं,
म्हणतं, पुढे जायचं तर विकत घ्या.
आमचं नुसतं यार्डच पन्नासात मावत नाही.
तिसरं रुक्ष. करडा पडदा, काळ्या रेघा,
पण बारा मिलिमीटरच्या रुळाचे सगळे सांधे
त्याच्या पेटीत आहेत,
आता कुणीच बनवत नाही तेसुद्धा.

"नवी शाखा नंतर," झिगमार म्हणाला,
"आधी आहे ते भरून बघू."
मग तो टेप घेऊन टेबलाखाली,
तिथून आकडे ओरडायचा,
मी ते पुन्हा म्हणायचे, यानिक टाकायचा.
लांबी. अंश. चढ शेकडा तीन.
या फळ्या शहाऐंशी सालच्या,
प्लायवूड मिळत नव्हतं, शाळेने बाकं मोडीत काढली होती,
ती आम्ही हातगाडीवरून आणली.
बोगद्यातल्या फळीवर
अजून कोरलेलं आहे कुणीतरी: उटे गाढव आहे.
हे कुठे टाकायचं, यानिकने विचारलं.
त्याला रकाना नव्हता.

आणि मग चौथं वळण लाल झालं.
पुलावरून उतरून गिरणीमागे जातं ते.
पडद्यावर चौकट आली:
त्रिज्या अपुरी. इथून गाडी जाऊ शकत नाही.

झिगमारने पुन्हा मोजलं.
पुन्हा लाल.
अडतीस वर्षं जाते आहे गाडी तिथून.

गुंडोल्फ तोवर कोपऱ्यात कॉफी घेऊन बसला होता,
एक्याऐंशीचा, लॅपटॉपकडे फिरकलाही नव्हता.
उठला. इंजिनामागे पाच डबे जोडले,
नियंत्रकाची कळ हातात घेतली.
पूल आला. गिरणी आली.
त्याचा अंगठा केसभर मागे सरकला,
चाकं बारीक किंचाळली,
पाचही डबे वळणाबाहेर.

"तू वेग कमी केलास," यानिक म्हणाला.
"मी? कुठे?" गुंडोल्फ म्हणाला.
खोटं बोलत नव्हता.

तेव्हा मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
मलाही कुणी शिकवलं नव्हतं.
यानिक आला तेव्हा सोळाचा होता,
पहिल्या दिवशी इथेच तीन डबे पाडले त्याने,
आम्ही हसलो, उचलून ठेवले, बस्स.
नाताळपर्यंत पडायचे थांबले.
त्यालाही ते आत्ता कळत होतं,
खिशात घातलेला हात त्याने बाहेर काढला.

पहिलं सॉफ्टवेअर लाल असताना पुढे जाऊ देत नाही.
दुसरंही नाही.
तिसऱ्यात चौकटीच्या तळाशी, बारीक अक्षरांत,
एक बटण आहे: तरीही ठेवा.
हात वर झाले. सहा विरुद्ध एक,
एकेहार्टला झाडं हवी होती.

नव्या शाखेची वळणं मात्र यानिकने
सगळी ऐसपैस काढली.
बरोबरच आहे.
आमच्या अंगठ्यांच्या भरवशावर कुणी रूळ टाकू नयेत.

घरी जाण्याआधी वहीत लिहिलं:
सॉफ्टवेअर, नग एक, एकोणचाळीस युरो.
शेरा: चौथं वळण लाल दिसतं.
असू दे.